निष्ठेचा दाखला कोणी मागायचा?

शहापूर-मुरबाड हा ठाणे जिल्ह्याचा ग्रामीण भाग. तानसा, वैतरणा, भातसा यांचे पाणी इथून मुंबईला जाते आणि एप्रिल-मे महिन्यांत शहापूरच्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंडे रांगेला लागतात. पाण्यासारखीच इथली माणसेही बाहेर जातात. कोणी कल्याण-ठाण्याला जातो, कोणी मुंबईला, आणि आमच्या मोहल्ल्यांतले बरेचसे तरुण आखातात जातात. ड्रायव्हर, वेल्डर, एसी मेकॅनिक, स्टोअरकीपर, हॉटेलातला आचारी अशी त्यांची कामे. उर्दू शाळेत प्रवेशाच्या अर्जावर वडील कुठे असतात असे विचारले, तर आई सांगते, "बाहेरगावी." आमच्याकडे त्या शब्दाचा अर्थ नाशिक किंवा पुणे असा होत नाही. दुबई, दम्माम, दोहा किंवा कुवेत असाच होतो.

या बाहेरगावी गेलेल्या माणसाला आणि त्याच्या मागे राहिलेल्या घराला एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. कधी चहाच्या टपरीवर थट्टेने, कधी एखाद्या कचेरीत तिरकसपणे, कधी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर उघड शिवीगाळीसह. "उद्या भारत आणि ते अरब देश समोरासमोर आले, तर तुम्ही कोणाच्या बाजूने?" या प्रश्नाचे उत्तर द्यायला माझी हरकत नाही. शिक्षकाने प्रश्न टाळू नये. पण प्रश्न नीट मांडला आहे की नाही, हे पाहणे शिक्षकाचेच काम आहे. आणि हा प्रश्न नीट मांडलेला नाही.

पहिली गोष्ट, तो सर्वांना विचारला जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ या वर्षात परदेशांतून भारतात आलेल्या पैशात सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचा होता, सुमारे २८ टक्के. संयुक्त अरब अमिरातीचा वाटा सुमारे १९ टक्के होता. राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला होता. म्हणजे महाराष्ट्रातल्या घरांत डॉलर येतात आणि दिरहमही येतात. आता पाहा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लादले. पुढच्याच महिन्यात एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरची फी लावली. मायदेश आणि यजमान देश यांच्या हिताची इतकी उघड टक्कर आखाताशी गेल्या कित्येक वर्षांत झालेली नाही. तेव्हा न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी अभियंत्याच्या ठाण्यातल्या आईवडिलांना कोणी विचारले का, की तुमचा मुलगा आता कोणाच्या बाजूने? नाही विचारले. विचारू नयेच. तो बिचारा आपल्या नोकरीच्या आणि घराच्या हप्त्याच्या काळजीत असणार, हे सर्वांना समजले. मग हेच शहाणपण दम्मामच्या ड्रायव्हरच्या वाट्याला का येत नाही?

यातली आणखी एक विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. अमेरिकेचे नागरिकत्व घेताना शपथ घ्यावी लागते, आणि त्या शपथेत आधीच्या देशावरची निष्ठा पूर्णपणे सोडून दिल्याचे तोंडाने म्हणावे लागते. आपली राज्यघटनाही दोन नागरिकत्वे मानत नाही. अशी शपथ घेतलेल्यांना आपण 'अनिवासी भारतीयांचा गौरव' म्हणून हार घालतो, आणि मलाही त्यात गैर वाटत नाही, कारण शपथेने माणसाचे गाव पुसले जात नाही. परंतु आखातात राबणाऱ्या कामगाराला तिथले नागरिकत्व तीस वर्षे घाम गाळला तरी मिळत नाही. त्याच्या खिशात पहिल्या दिवशी असतो तोच निळा भारतीय पासपोर्ट शेवटच्या दिवशी असतो. म्हणजे ज्याने निष्ठा सोडल्याची शपथ घेतली त्याच्यावर संशय नाही, आणि ज्याला अशी शपथ घेण्याची सोयच नाही त्याच्याकडे मात्र दाखला मागायचा! हा हिशेब देशभक्तीचा नाही. तो नावे वाचून केलेला हिशेब आहे.

दुसरी गोष्ट, खरोखर दोन देशांचे हित आडवे येते तेव्हा काय घडते, हे प्रश्न विचारणाऱ्याला ठाऊक नसते. १९९० चे कुवेत आठवा. २ ऑगस्टला सद्दाम हुसेनच्या फौजा कुवेतमध्ये शिरल्या. तेव्हा तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते आणि त्यांत आपल्या कोकणपट्टीतलेही पुष्कळ होते. भारत सरकारने इराकचा कडक निषेध केला नाही. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले, सद्दामला त्यांनी मारलेली मिठी जगाने छायाचित्रात पाहिली. आपल्या लोकांना सुखरूप बाहेर काढणे हा त्यामागचा हेतू होता आणि तो साधलाही. अम्मानमार्गे एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या करून लाखाहून कितीतरी अधिक माणसे घरी आणली. परंतु ज्या कुवेती माणसाच्या दुकानात आपला माणूस काम करत होता, त्याला ती मिठी जिव्हारी लागली. भारताने आमच्या संकटात पाठ फिरवली, असे तो पुढे कित्येक वर्षे म्हणत राहिला. आता सांगा, त्या भारतीय कामगाराने काय करायचे होते? ज्याने त्याला अन्न दिले त्याचा देश लुटला जात होता, आणि ज्या देशाने त्याला विमानात बसवले तो देश लुटणाऱ्याशी हसून बोलत होता. त्याने दोघांचेही आभार मानले, एक पेटी घेऊन घरी आला आणि कुवेत मुक्त झाल्यावर यांतले बरेच जण परत कामावर गेले. याला मी दुटप्पीपणा म्हणणार नाही. ज्याच्या हातात धोरण नाही, त्याच्या हातात एवढेच असते.

आपल्याला तरी विमाने मिळाली. येमेनी मजुरांचे काय झाले पाहा. त्याच संकटात येमेनच्या सरकारने अमेरिकेच्या फौजफाट्याला आणि युद्धाला विरोध केला. सौदी अरेबियाने येमेनी लोकांच्या राहण्याच्या सवलती काढून घेतल्या आणि काही महिन्यांत सात-आठ लाख माणसे सरहद्दीपलीकडे परतली. पॅलेस्टिनींचा नेता यासर अराफात सद्दामच्या बाजूला झुकला, म्हणून १९९१ नंतर कुवेतमधल्या सुमारे चार लाख पॅलेस्टिनींपैकी बहुतेकांना तिथे जागा उरली नाही. यांतले कितीतरी कुवेतच्या शाळांतून शिकवणारे मास्तर होते. त्यांनी कोणता ठराव केला होता? कोणत्या परिषदेत मत दिले होते? सरकारे एकमेकांवर रुसतात आणि तो राग काढायला सर्वांत जवळ सापडतो तो परका मजूर. निष्ठेची परीक्षा नेहमी अशाचीच घेतली जाते, ज्याने प्रश्नपत्रिका काढलेली नसते.

आणि ही टक्कर नेहमी तोफा-रणगाड्यांचीच असते असेही नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदी होती. अमिरातीने जाहीर केले की जे देश आपले नागरिक परत घ्यायला तयार नाहीत, त्यांच्याकडून पुढे कामगार घेण्याचा फेरविचार करू. त्या वेळी भारताचे आकाश बंद होते. यजमान म्हणे घेऊन जा, मायदेश म्हणे आहात तिथेच राहा. आपली माणसे एका खोलीत आठ-दहा अशी अडकून होती, काहींचा पगार बंद होता. ७ मे २०२० पासून 'वंदे भारत'ची विमाने सुरू झाली, तिकिटाचे पैसे प्रवाशानेच भरायचे होते. त्या पाच-सहा आठवड्यांत निष्ठा नक्की कोणी कोणाशी राखायची होती? देशाने नागरिकाशी, की नागरिकाने देशाशी?

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात याहून वाईट गोष्ट घडली आणि तिची चर्चा आमच्या मोहल्ल्यांतही झाली नाही. भारतीय कामगाराला आखातात किमान किती पगार द्यावा याचे दर आपले सरकार ठरवते. परिपत्रके काढून सरकारने हे दर ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणले. कारण असे दिले की आपले लोक महाग पडले तर मालक दुसऱ्या देशाचे कामगार घेतील. तेलंगणातल्या उच्च न्यायालयात याचिका गेली, ओरड झाली आणि २०२१ च्या जुलैत ही परिपत्रके मागे घेतली गेली. या एका प्रकरणात सगळे सार आहे. मालकाला स्वस्त मजूर हवा होता, मायदेशाला परकीय चलन हवे होते. दोघांचे हित जुळले होते! ते आडवे आले फक्त मजुराच्या हिताला. देशादेशांत भांडण झाले तर तू कोणाचा, असे विचारणाऱ्यांनी एकदा हेही विचारावे, की दोन देशांचे एकमत होऊन तुझा पगार कापला गेला तेव्हा तुझे कोण होते?

इथपर्यंत वाचून काही बांधवांना बरे वाटले असेल. पण हे लिखाण केवळ दुसऱ्यांना सुनावण्यासाठी नाही. आपल्याही घरात एक भ्रम जपलेला आहे आणि त्याची किंमत आपली मुले मोजतात. तो भ्रम असा, की आखात हे 'आपले' आहे. इथे कोणी आपला अपमान केला तर तिथले राजे आपल्या पाठीशी उभे राहतील.

पैगंबरांविषयी एका राजकीय प्रवक्त्याने जे उद्गार काढले, त्यावर २०२२ च्या जूनमध्ये कतार, कुवेत आणि इराणने भारताच्या राजदूतांना बोलावून निषेध नोंदवला. आमच्याकडे अनेकांना वाटले, बघा, आपल्या बाजूने कोणी तरी बोलले. त्याच आठवड्यात १० जूनला, शुक्रवारच्या नमाजनंतर, कुवेतमधल्या फहाहील भागात काही परदेशी कामगार याच कारणासाठी रस्त्यावर आले, घोषणा दिल्या. कुवेत सरकारने काय केले? त्यांना पकडून मायदेशी पाठवण्याचा हुकूम काढला, कारण परदेशी माणसाने तिथे निदर्शने करायची नाहीत असा त्यांचा कायदा आहे. निषेधाचा हक्क सरकारने स्वतःकडे ठेवला, मजुराला दिला नाही. आणि १२ जूनला इकडे प्रयागराजमध्ये अशाच निषेधातल्या एका आरोपीचे राहते घर बुलडोझरने पाडले गेले. दोन्ही बातम्या शेजारी ठेवून वाचा. तिथे परका म्हणून हाकलला, इथे आपला असून घर गेले. परंतु या दोहोंत एक फरक आहे आणि तो विसरता कामा नये. कुवेतच्या हुकुमाविरुद्ध त्या कामगाराला दाद मागायला जागा नव्हती. इथे न्यायालय आहे, घटना आहे, आणि १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा पाडापाडीवर बंधने घालणारा निकालही दिला. उशिरा दिला, पाडलेल्या भिंती त्याने उभ्या राहिल्या नाहीत. पण तो मागायचा हक्क आपला होता. हक्क जिथे आहे तेच आपले घर, मग तिथे भांडण कितीही असो.

दुसरे उदाहरण. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ३७० कलमाबाबतचा निर्णय झाला, काश्मीर बंद होते. त्याच महिन्याच्या २४ तारखेला अबू धाबीत भारताच्या पंतप्रधानांना अमिरातीचा सर्वोच्च नागरी सन्मान देण्यात आला. आमच्यातले अनेक जण चकित झाले. चकित होण्यासारखे त्यात काय होते? २०१५ पासून सौदी आणि अमिरातीची विमाने येमेनमध्ये मुसलमानांवरच बाँब टाकत होती. २०२० मध्ये अमिराती आणि बहारीनने इस्रायलशी करार केले. राज्ये आपला फायदा पाहून चालतात. ती उम्मतच्या नात्याने चालत नाहीत. जुम्माच्या सफमध्ये मालक आणि मजूर खांद्याला खांदा लावून उभे राहतात, हे खरे आणि सुंदर आहे. पण सलाम फेरल्यावर इकामा कोणाच्या कपाटात असतो? वर्षानुवर्षे मजुराचे पासपोर्ट कफीलने दडपून ठेवले, त्याच्या मर्जीशिवाय नोकरी बदलता येत नसे. अलीकडे काही देशांनी हे नियम सैल केले, तेही आंतरराष्ट्रीय दबावाने आणि स्वतःच्या सोयीने. अशा ठिकाणी रोजगार मिळतो, मान मिळतो, कधी मालकाची खरी मायाही मिळते. त्याबद्दल कृतज्ञ असावे. पण त्याला वतन समजू नये.

मग यजमान देशाचे आपण काही देणे लागतो की नाही? लागतो. ज्याचे मीठ खाल्ले त्याचा कायदा पाळणे, त्याच्या कामात चोरी न करणे, त्याचे वाईट न चिंतणे, हे देणे आहे. हे शेतावरच्या गड्यालाही कळते आणि आपल्या दीनचीही तीच शिकवण आहे. पण मिठाचे देणे वेगळे आणि मातीचे देणे वेगळे. पहिले कराराचे असते, करार संपला की फिटते. दुसरे फिटत नाही.

शिवाय माणसाच्या मनात दोन गावे राहू शकतात, याचा दाखला आपल्या कोकणातच आहे. बेने इस्रायली आमचे शेजारी. रायगड-ठाण्याच्या गावांतून तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून 'शनिवार तेली'. ते इस्रायलला गेले. तिथे १९६० च्या दशकात त्यांच्याच धर्मपीठाने त्यांच्या यहुदीपणावर शंका घेतली, त्यांना रस्त्यावर येऊन झगडावे लागले आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेला त्यांची बाजू घ्यावी लागली. इकडे भारत सरकार संयुक्त राष्ट्रांत इस्रायलविरुद्ध मत देत होते. पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ मध्ये जोडले गेले. इतकी वर्षे त्यांचा मायदेश आणि त्यांचा नवा देश एकमेकांकडे पाठ करून उभे होते. तरी ते घरात मराठी बोलत राहिले, 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक तिथून काढत राहिले. इस्रायलच्या धोरणांविषयी आपले मत काहीही असो, आणि माझे मत पॅलेस्टिनींच्या बाजूचे आहे, पण त्या मराठी माणसांच्या मायेवर मी संशय घेणार नाही. मग हाच न्याय मला आणि माझ्या बाहेरगावच्या पालकांना हवा आहे.

एक आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. आखातातून केवळ पैसा येत नाही, पेहराव येतो, बोलण्याची ढब येते, इथल्या रीतीभातींना कमी लेखण्याची सवय येते. कोकणी बोलणारी आजी आणि अरबी नावांच्या दुकानाचे कौतुक सांगणारा नातू एका घरात दिसतात. उरुसाला जाणाऱ्या बापाला मुलगा तुच्छतेने हसतो. हे खरे आहे आणि मला ते सलते. यावर आपणच आपल्यात कडक बोलले पाहिजे. पण हा प्रश्न संस्कृतीचा आहे, देशद्रोहाचा नाही. अमेरिकेहून आलेला नातू आजीच्या भाकरीला नाक मुरडतो, तेव्हा आपण त्याला उद्धट म्हणतो, गद्दार म्हणत नाही.

आता मुद्द्याचे. निष्ठा भावनेत मोजता येत नाही, कागदावर मात्र तिची वजाबाकी होते. ग्रामीण भागात मतदार यादीचे काम आम्हा शिक्षकांच्या गळ्यात येते. बीएलओ म्हणून दारोदार फिरावे लागते. कुलूपबंद घर दिसले की 'स्थलांतरित' असा शेरा मारणे फार सोपे असते. बिहारमध्ये २०२५ च्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे वगळली गेली, त्यांत मृत आणि दुबार नावांबरोबर 'कायमचे स्थलांतरित' हाही एक रकाना होता. परदेशी असलेल्या भारतीय नागरिकाला २०११ पासून 'फॉर्म ६ अ' भरून आपल्या गावच्या यादीत नाव ठेवता येते. पण मत द्यायला त्याने जातीने मतदान केंद्रावर यावे लागते. प्रतिनिधीमार्फत मत देण्याचे विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झाले आणि पुढे व्यपगत झाले. परिणाम? २०२४ च्या लोकसभेला साऱ्या देशात सुमारे १ लाख १९ हजार प्रवासी मतदारांची नोंद होती आणि प्रत्यक्ष मत दिले जेमतेम ३ हजारांनी, तेही बहुतेक केरळचे. पैसा पाठवायला बटण पुरते, मत द्यायला विमानाचे तिकीट लागते. ज्या सरकारला या माणसाची निष्ठा हवी आहे, त्याने आधी त्याचे मत घ्यावे.

आणि केरळचेच का? तिथला माणूस आखातात जाताना संघटना बरोबर नेतो, परत येऊन सरकारला जाब विचारतो. आमचा माणूस एजंटच्या भरवशावर जातो. साध्या 'प्रवासी भारतीय बीमा योजने'त काही शे रुपयांत १० लाखांचे अपघाती विम्याचे संरक्षण आहे, हे आमच्या किती घरांत माहीत आहे? मशिदीच्या रंगरंगोटीला, लग्नाच्या हॉलला बाहेरगावचा पैसा सहज जमतो. गावच्या ग्रामसभेत मात्र आमच्या खुर्च्या रिकाम्या असतात. उर्दू शाळेतल्या पोराला मराठीत अर्ज लिहिता येत नाही, मग सात-बारावरचे नाव, समृद्धी महामार्गात गेलेल्या जमिनीचा मोबदला, वारस नोंद, सगळ्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. मी उर्दू माध्यमाचाच शिक्षक आहे, उर्दूचे प्रेम मला कोणी शिकवू नये. पण तहसील कचेरीची भाषा मराठी आहे, आणि तिथे गप्प राहणारा माणूस कागदोपत्री परदेशीच ठरतो.

तेव्हा जमातींनी एवढे तरी करावे. बाहेरगावी जाणाऱ्या प्रत्येकाचा 'फॉर्म ६ अ', विमा आणि करारनाम्याची प्रत यांची नोंद जमातीच्या वहीत असावी. करारनामा जाण्याआधी कोणी तरी जाणकाराने वाचून दाखवावा. त्याच्या घरातल्या बाईने ग्रामसभेला बसावे आणि बोलावे. जो प्रश्न विचारायला येईल, "तुम्ही कोणाच्या बाजूने," त्याला चिडून उत्तर देऊ नये. त्याला मतदार यादीतले नाव दाखवावे आणि म्हणावे, भाऊ, आम्ही या यादीच्या बाजूने आहोत. हे नाव कोणी खोडायला आला, तर तुम्ही कोणाच्या बाजूने आहात ते आता सांगा.